पॅटनचे उघडे झाकण

सांगलीच्या गणपती पेठेतील त्या हार्डवेअरच्या दुकानात पावसाळ्याचे चार महिने एका मालाला विशेष मागणी असते. पत्र्याच्या जोडातून, गच्चीच्या कोपऱ्यातून, टाकीच्या तळातून पाणी ठिबकू लागले की गिऱ्हाईक वॉटरप्रूफिंग टेप मागायला येते. वर ॲल्युमिनियमचा पातळ, चकचकीत पापुद्रा आणि खाली ब्युटिल रबराचा काळा, मऊ, चिकट थर. मागितल्याप्रमाणे टेप कापून दिल्यावर उरणारे वीतभर तुकडे आजोबा कधी फेकून देत नाहीत. गल्ल्याशेजारच्या डब्यात ते साठत राहतात आणि एखाद्या गरजूच्या छपराला फुकट लागतात. यंदाच्या श्रावणात मात्र तो डबा भराभर रिकामा होऊ लागला.

शोध घेता घेता आजोबा माडीवर गेले, तेव्हा नववीतला नातू खिडकीपाशी एक रणगाडा बांधत बसलेला दिसला. शाळेच्या सहलीत अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय पाहून आल्यापासून त्याच्या मनात पॅटन घर करून होता. वाढदिवसाला जमलेल्या पैशांतून त्याने १:३५ प्रमाणाचा प्लॅस्टिकचा संच मागवला होता. सुमारे ४५ टन वजनाचे आणि साडेतीन मीटरहून अधिक रुंदीचे ते धूड या प्रमाणात जेमतेम दहा सेंटिमीटर रुंद होते, तळहातावर मावते.

घर दिगंबर जैन, दारात चातुर्मास आणि टेबलावर रणगाडा! आजोबा रागावतील असे नातवाला वाटले. त्यांचा पहिला प्रश्न मात्र निराळाच होता.

"बाळ, या ब्रशाचे केस कशाचे?"

"नायलॉनचे, आजोबा. जनावराच्या केसांचा घेतला नाही."

"आणि चिकटवायला सरस नाही ना?"

"नाही. फेविकॉल आहे."

आजोबांनी मान हलवली आणि ते जिना उतरले. मुख्य प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. तो ते मनात घेऊन गेले होते.

दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद झाल्यावर ते माडीवर येऊन बसू लागले. टेपेचा असा उपयोग पन्नास वर्षांच्या व्यापारात त्यांनी पाहिला नव्हता. संचातील मडगार्ड जाड आणि गुळगुळीत होते. खऱ्या रणगाड्याचे मडगार्ड पातळ पत्र्याचे असतात आणि झाडाझुडपांना घासून वाकतात. नातवाने टेपेवरचा ॲल्युमिनियमचा पापुद्रा अलगद सोडवला, मडगार्डच्या मापाने कापला आणि टूथपिकच्या टोकाने त्यावर पोचे पाडले. क्षणात तो पत्रा वर्षानुवर्षे वापरलेला दिसू लागला. त्याच पापुद्र्याच्या दीड मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून त्याने फावडे, कुऱ्हाड आणि पहार यांना बांधणारे पट्टे केले. खालचा काळा रबरही वाया गेला नाही. पॅटनचा बुरूज ओतीव पोलादाचा. त्याच्या पृष्ठभागावर ओतकामाचा खरखरीतपणा असतो. बुरुजावर रबराचा अगदी पातळ थर दाबून, त्यावर ओल्या ताठ ब्रशाने टोचे मारले की तो खरखरीतपणा हुबेहूब उमटतो.

सारेच सुरळीत झाले असे नाही. तोफेच्या मुळाशी असलेल्या कापडी आच्छादनासाठी त्याने नळाला गुंडाळायची टेफ्लॉन टेप वापरून पाहिली. सुरकुत्या सुंदर पडल्या, पण टेफ्लॉनवर रंग धरत नाही. वाळलेला रंग बोट लागताच सुटून आला. शेवटी पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवलेला टिश्यू पेपर कामी आला. दुसरी चूक मोठी होती. रंग लवकर वाळावा म्हणून त्याने टर्पेंटाईनमध्ये कालवलेला रंग बुरुजावर दिला आणि सकाळी पाहतो तर रबर फुगून, ओघळून बुरुजाला लपका आलेला. नातवाचे डोळे भरून आले. आजोबा म्हणाले, "अरे, हे मला विचारायचे होतेस. ब्युटिलला पेट्रोल, रॉकेल, टर्पेंटाईन चालत नाही, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो." दोघांनी मिळून तो थर खरवडला, बुरूज धुऊन पुसून कोरडा केला आणि पुन्हा टेप लावली. या वेळी पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग दिला. "धूळ पुसल्याशिवाय टेप लावू नये," हे वाक्य आजोबा गिऱ्हाइकाला म्हणतात त्याच सुरात म्हणाले.

त्या रात्री सामायिकानंतर त्यांनी मनातला प्रश्न नातवापुढे ठेवला. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत : पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. विनाकारण पदरी पडणारे हे पाप. "तुझा रणगाडा कोणाला इजा करणार नाही, म्हणून ते हिंसादान नव्हे, हे मला कळते. पण हा बांधताना तुझ्या मनात काय चालते? कोणी मरावे, कोणी जळावे, असे चित्र चालत असेल तर ते अपध्यान झाले. ते मात्र खोटे नसते. रणगाडा लहान असला म्हणून भाव लहान होत नाही."

नातू गप्प राहिला. मग आजोबांनी जे सांगितले ते घरात कोणी कधी ऐकले नव्हते.

१९६५ साली ते चौदा वर्षांचे होते. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर या गावाच्या शिवारात ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत पॅटन रणगाड्यांशी घनघोर लढाई झाली. भारतीय सैन्याने पाटाचे पाणी सोडून उसाची शेते भिजवली होती. त्या चिखलात पॅटन रुतले आणि उसाआड दबा धरलेल्या आपल्या रणगाड्यांनी व तोफांनी त्यांना टिपले. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने एकामागून एक पॅटन निकामी केले आणि १० तारखेला देह ठेवला. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. ते दिवस भाद्रपद शुक्ल पक्षाच्या अखेरचे, म्हणजे दशलक्षण पर्वाच्या समाप्तीचे होते. दुकानातल्या रेडिओवर विजयाची बातमी आली तेव्हा उपवासाने थकलेला तो चौदा वर्षांचा मुलगा पेठेत नाचला होता. "जळाले, आत बसलेले सगळे जळाले," असे तो ओरडत होता.

"देशाचे रक्षण करणाऱ्या जवानाचे कर्तव्य वेगळे," आजोबा म्हणाले. "गृहस्थाला विरोधी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, हे शास्त्रही जाणते. पण मी कुठे लढत होतो? मी पेढीवर उभा राहून माणसांच्या जळण्याला अनुमोदना देत होतो. आणि लगेच क्षमावाणीला हात जोडून सर्वांची क्षमा मागत हिंडलो. जे जळाले त्यांची मागितली नाही. तुझे ते खेळणे पाहिले आणि ते पुन्हा आठवले."

नातवाने काही उत्तर दिले नाही. त्याने दिवा लावला आणि रणगाडा आजोबांसमोर ठेवला. बुरुजावरची दोन्ही झाकणे आणि चालकाचे पुढचे झाकण त्याने उघडी चिकटवली होती. आत कोणी नव्हते. चाके अर्ध्यावर चिखलात होती.

"आजोबा, मी वाचले आहे. पुष्कळ जण रणगाडा सोडून उसात लपले होते आणि मग शरण आले. जिवंत. मी त्यांचाच पॅटन केला आहे."

आजोबांनी चष्मा काढून पुसला. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "चिखल कशाचा केलास?"

चातुर्मासात ओली माती खणायची नाही, हे नातवाला ठाऊक होते. त्याने टाइल्सच्या फटीत भरायचा ग्राऊट आणि लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवला होता. मात्र रंग चुकला होता. कृष्णेकाठच्या मातीसारखा काळा झाला होता. २०१९ च्या महापुरानंतर दुकानातला गाळ आजोबांनी स्वतः उपसला होता. गाळ वाळताना आधी कडेने फिकट होतो आणि खोलगट जागी ओलसर चमक धरून ठेवतो, हे त्यांनी दाखवून दिले. पंजाबच्या मातीसाठी फिकट बदामी ग्राऊट त्यांनीच खालून आणून दिला.

दशलक्षणात दोघे मंदिरात स्वाध्यायाला बसले असता भरत-बाहुबलींची कथा निघाली. दोन्हीकडच्या मंत्र्यांनी सैन्याचा संहार टाळण्यासाठी भावाभावांत दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध ठरवले, हे ऐकताच नातू कुजबुजला, "आजोबा, असल उत्तरलाही पाण्यानेच जिंकले." आजोबांनी मान हलवली. "नाही बाळ. तिथे दोन्हीकडची माणसे मेली. तिथल्या पाण्याने मरण थांबवले नाही. बाहुबली जिंकूनही राज्य सोडून गेले. दोन्ही एकच समजू नकोस."

क्षमावाणीच्या सायंकाळी नातलगांकडे जाऊन आल्यावर आजोबा माडीवर गेले. बदामी चिखलात रुतलेल्या त्या चिमुकल्या पॅटनसमोर ते हात जोडून क्षणभर उभे राहिले. साठ वर्षे राहून गेलेली ती क्षमा होती. घरात कोणी त्याबद्दल विचारले नाही.

आता तो रणगाडा दुकानात, टेपेच्या रिळांशेजारी काचेखाली ठेवलेला असतो. पत्र्याचे पोचे, पट्ट्यांच्या गाठी आणि बुरुजाचा खरखरीतपणा गिऱ्हाइके वाकून पाहतात. परवा मिरजेच्या एका ठेकेदाराने मुलासाठी त्याची किंमत विचारली.

"विकायचा नाही," आजोबा हसून म्हणाले, "शस्त्राचा व्यापार आपल्याकडे चालत नाही. टेप किती मीटर देऊ?"