मागच्या ओळीतला गांधार

रॉकच्या गिटारमध्ये बहुतेक वेळा गांधार नसतो. षड्ज असतो, पंचम असतो, वरचा षड्ज असतो. मधली जागा वादक जाणूनबुजून मोकळी ठेवतो. ॲम्प्लिफायरमधून आवाज विस्कटून, खरखरीत करून काढला की एकत्र वाजणारे स्वर आपसांत मिसळून आणखी नवे स्वर तयार करतात. षड्ज आणि पंचम यांचं नातं दोनास तीन असं साधं, म्हणून त्यांच्यातून निघतो तो खालचा षड्ज, आणि नाद अधिकच भक्कम होतो. त्यात गिटारच्या पडद्यावरचा गांधार घातला तर सगळं गढूळ होतं. गिटारवाल्यांनी तो सोडून दिला आणि या जोडीला पॉवर कॉर्ड म्हटलं. प्रचंड नाद, पण त्याचा स्वभाव कळत नाही. गांधार शुद्ध आहे की कोमल हे ठरेपर्यंत त्यात हर्षही नसतो आणि खेदही.

माझ्या मैत्रिणीने स्वतःच्या पगारातून पैसे साठवून मराठी रॉक गाण्यांचा अल्बम केला. त्यात मी मागे गायले, आणि हा सुटलेला गांधार माझ्या वाट्याला आला.

आमचा स्टुडिओ म्हणजे कोथरूडमधल्या तिच्या घराची आतली खोली. ड्रम तेवढे भाड्याच्या स्टुडिओत झाले होते. बाकी सगळं इथेच. भिंतीला उभी गादी, खिडकीवर गोधड्या, पंखा बंद, कारण माइकला पंख्याचा वारासुद्धा ऐकू येतो. खालच्या मजल्यावर कुकर लागला की शिट्ट्या होईस्तोवर थांबायचं. हेडफोनचा एक कान चढवायचा, दुसरा मोकळा ठेवायचा. एका कानात तिचं गाणं आणि ठोक्याची टिकटिक, दुसऱ्यात स्वतःचा उघडा आवाज. एप्रिलचा उकाडा होता आणि मी आयुष्यात क्वचितच इतकी सुखात होते.

मी शिकले ख्याल. ख्यालात गळ्याला जे जे येतं त्याला वाव असतो: मींड, गमक, खटका, शब्दाभोवती फिरणं. मागे गाताना यातलं जवळजवळ सगळं बाजूला ठेवावं लागतं. स्वर सरळ, न हलवता धरायचा. तीच ओळ पुन्हा पुन्हा गाऊन एकावर एक थर चढवायचे, काही डाव्या कानाला, काही उजव्या, आणि प्रत्येक थर असा गायचा की मधोमध असलेल्या तिच्या आवाजाला कुठे धक्का लागणार नाही. शब्दाचं शेवटचं व्यंजन हा तर स्वतंत्र अभ्यास. ‘रात’ हा शब्द सगळ्या थरांत पूर्ण उच्चारला, तर शेवटचा ‘त’ पत्र्यावर गारा पडाव्यात तसा वाजतो. म्हणून ‘त’ तिने एकटीने म्हणायचा. मी ‘रा’ वर थांबून तोंड अलगद मिटायचं. तिचा श्वास कुठे तुटतो, कुठे ती मुद्दाम ठोक्याच्या किंचित मागे राहते, कोणत्या ओळीला तिचा आवाज घोगरा होतो, हे सगळं मला पाठ झालं. इतक्या वर्षांच्या मैत्रीत तिला इतकं जवळून मी कधी ऐकलं नव्हतं.

गांधाराबद्दल मात्र मला आणखी थोडं सांगायचं आहे, कारण तिथे मला खरं सुख मिळालं. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप उमटतो. कोणी छेडलेला नसतो, तरी असतो. शिकायच्या दिवसांत गुरूंनी तो ऐकायला बसवलं होतं. ऐकू येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. हा गांधार आणि गिटार-पियानोचा गांधार एक नव्हेत. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडणाऱ्या वाद्यांवर शुद्ध गांधार साधारण १४ सेंटने चढा असतो. एक अर्धस्वर १०० सेंटचा धरला तर त्याच्या सातव्या भागाहून थोडासा कमी. मोजायला क्षुल्लक, कानाला नाही. जिथे कीबोर्ड होता तिथे मी त्याच्या गांधाराशी जुळवून घेतलं. पण जिथे नुसती गिटार गर्जत होती तिथे ती जागा कोणाचीच नव्हती. तिथे मी तंबोऱ्याचा गांधार लावला. त्या दणदणीत षड्ज-पंचमावर तो असा जाऊन बसला की मैत्रिणीने डोळे मिटून घेतले. पंचम तिथे फक्त दोन सेंटने सरकलेला असतो. गुरूंच्या खोलीपासून ही खोली मला फार लांब वाटली नाही.

एक गाणं पेठेतला वाडा पाडला जाण्याबद्दलचं होतं. ध्रुवपदाच्या शेवटी गिटार पॉवर कॉर्डवर थांबते आणि मैत्रिणीच्या चालीतही गांधार नाही. मी विचारलं, कोमल घेऊ की शुद्ध?

‘‘अगं, मलाच माहीत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तू दोन्ही गा. मग मला कळेल मी काय लिहिलंय ते.’’

मी दोन्ही गायले. कोमल गांधारावर वाडा पडला. शुद्ध गांधारावर त्याच ओळीत कोणीतरी अंगणात सडा घालत होतं. शेवटी आम्ही सुरुवातीच्या ध्रुवपदांत कोमल ठेवला आणि अखेरच्या ध्रुवपदात शुद्ध. तिने गायलेला, वाजवलेला एकही स्वर बदलला नाही, तरी गाणं रडण्यापाशी न थांबता पुढे कुठेतरी गेलं. मागचा आवाज गाण्याला नुसती भर घालतो हा समज त्या संध्याकाळी माझ्यापुरता संपला.

आपल्याकडे हे काम नवं नाहीच. शाहिराचा दम संपतो तिथे झीलकरी ओळ उचलतात, वारकरी कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी उभे असतात, आणि मैफलीत गवयाच्या मागे तंबोरे घेऊन बसलेले शिष्य त्याने सोडलेला स्वर विझू देत नाहीत. मोगूबाई कुर्डीकरांच्या मागे किशोरी आमोणकर अशाच बसल्या होत्या. निरनिराळ्या स्वरांत एकाच वेळी गाण्याची सवय आपल्या कानांना लागली ती मोठ्या प्रमाणात गोव्याकडून: तिथल्या चर्चच्या शाळांत तयार झालेल्या अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या वादक-संयोजकांनी ती हिंदी सिनेमाच्या संगीतात आणली. त्या गाण्यांतला कोरस गाणारी माणसं मात्र रेडिओवर ‘और साथी’ या दोन शब्दांत संपत.

आणि हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. १९६९ साली लॉस एंजेलिसमध्ये मेरी क्लेटन यांना रात्री उशिरा घरून बोलावून घेतलं गेलं. त्या गरोदर होत्या. रोलिंग स्टोन्सच्या ‘गिमी शेल्टर’मध्ये त्यांचा आवाज टिपेला जाऊन चक्क फाटतो, आणि ते गाणं आज आठवतं ते त्या फाटण्यासह. रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. १९७३च्या जानेवारीत क्लेअर टॉरी यांनी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत पिंक फ्लॉइडच्या ‘द ग्रेट गिग इन द स्काय’साठी एकही शब्द नसलेलं गाणं गायलं. मोबदला ३० पौंड. ते सूर त्यांनी तिथल्या तिथे रचले होते. २००४ साली त्या न्यायालयात गेल्या, २००५ मध्ये तडजोड झाली आणि बँडच्या रिचर्ड राइट यांच्यासोबत त्यांचंही नाव रचनाकार म्हणून लागलं. मला हा त्यांचा हट्ट वाटत नाही. ते गाणं त्यांच्याशिवाय कसं असतं, याची कल्पना करून पाहावी.

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने कलाकाराला आपल्या सादरीकरणाला आपलं नाव लावलं जावं असं म्हणण्याचा हक्क दिला आहे. कॅसेटच्या आत घडीचा कागद असे, त्यावर बारीक अक्षरांत का होईना नावं छापली जात. आता गाणं फोनवर येतं आणि घडीचा कागद गेला. माझ्या मैत्रिणीने मी न सांगता माझं नाव घातलं, ड्रमरचं घातलं, चहा पाजून कुकर थोडा उशिरा लावणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचेही आभार मानले. सगळ्यांना अशी मैत्रीण मिळत नाही.

स्वतःच्या बळावर अल्बम करणाऱ्यांना म्हणून एवढंच सांगते: गाणं अपलोड करताना मुख्य गायकाच्या खाली इतर कलाकारांसाठीही रकाने असतात. मागे गाणाऱ्या प्रत्येकाचं नाव तिथे भरा, आणि स्पेलिंग त्यांनाच विचारून भरा.