त्र्याऐंशीतच लाइट गेली

आईच्या पंचाहत्तरीला काय द्यायचं यावर आम्हा भावंडांत आठवडाभर खल चालला होता. साडी नको, सोनं नको, असं तिनं आधीच बजावलेलं. शेवटी मी दहा इंची डिजिटल फोटो फ्रेम मागवली. पाटणजवळच्या आमच्या गावात रेंजसाठीच अंगणाच्या टोकाला जावं लागतं, तिथं वायफाय कुठलं? म्हणून मेमरी कार्डावर चालणारी साधी फ्रेम घेतली. कार्डावर फोटो टाकायचे, कार्ड खोचायचं, संपलं. एका संध्याकाळचं काम वाटलं होतं, त्यात तीन रविवार गेले.

पहिला रविवार कार्डानंच खाल्ला. नवंकोरं ६४ जीबीचं कार्ड घातलं, तर फ्रेम म्हणे कार्डच नाही. माहितीपत्रक आपण नेहमी शेवटी वाचतो. त्यात लिहिलं होतं, ३२ जीबीपर्यंतचंच कार्ड चालेल आणि तेही एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेलं. ६४चं कार्ड दुकानातूनच वेगळ्या फॉरमॅटमध्ये येतं. जुन्या कॅमेऱ्यातलं १६ जीबीचं काढून लावलं, ते मुकाट चाललं.

मग भावाच्या आयफोनमधले फोटो दिसेनात. ते एचईआयसी स्वरूपातले आणि फ्रेमला कळतं फक्त जेपीजी. सगळे बदलून घेतले, तर निम्मी माणसं कुशीवर झोपलेली. आपण फोन उभा धरला तरी तो बहुतेकदा फोटो आडवाच साठवतो आणि 'दाखवताना वळवून घ्या' अशी चिठ्ठी आत जोडतो. संगणक ती चिठ्ठी वाचतो. आमच्या फ्रेमला काही ती वाचता येत नव्हती. एकेक फोटो खरोखरीचा वळवून पुन्हा साठवला. वळवताना आकारही उतरवला; कारण फोनच्या फोटोत सव्वा कोटीच्या आसपास ठिपके आणि फ्रेमच्या पडद्यावर १०२४ गुणिले ६००, म्हणजे जेमतेम सहा लाख. अखेर ४१२ फोटो मिळून १०० एमबीसुद्धा भरले नाहीत. ५६ वर्षांचा संसार त्यात मावला.

तिसऱ्या रविवारी फ्रेम घेऊन गावी गेले. आईनं चष्मा पुसला आणि पाहू लागली. पहिलाच फोटो भाचीच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनाचा. मग महाबळेश्वर, मग आजी, मग माझा नवा फ्लॅट, त्याला लागून बाबांच्या तेराव्याला जमलेली माणसं आणि लगेच त्यांचंच लग्न.

"अगं, हे काय उलटसुलट लावलंयस?" आई म्हणाली. "जसं घडलं तसं लाव की."

फोटो तारखेप्रमाणे लावायचे, एवढंच ना? लॅपटॉप उघडला आणि चूक कळली. अल्बममधले जुने फोटो मी गेल्या दिवाळीत मोबाइलनं टिपले होते. त्यामुळे लॅपटॉपच्या हिशेबानं आईबाबांचं लग्न गेल्या दिवाळीतलं आणि आजी नातसुनेहून वर्षानं लहान. अल्बमच्या काळ्या पानांवर कुठंच तारीख नव्हती. तारखा होत्या आईकडे, पण तिच्या पद्धतीनं.

"हा लग्नाचा. भूकंपानंतरच्या उन्हाळ्यातला. मागं भिंत बघ, तडा बुजवलासुद्धा नाही." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा, म्हणजे लग्न १९६८चं. "ह्यात तू पोटात होतीस, रेशनवर मिलो मिळायचा तेव्हा." म्हणजे बहात्तरच्या दुष्काळातलं साल. "हा कधीचा ते काठावरून सांगते. हे लुगडं धाकटीच्या बारशाला घेतलेलं, नंतर सासूबाईंना दिलं." मी विचारत होते साल आणि ती सांगत होती घर. संध्याकाळपर्यंत आम्ही जेमतेम किल्लारीच्या भूकंपापर्यंत, म्हणजे १९९३पर्यंत आलो होतो. त्यापुढचे फोटो रंगीत होते, पण तिची उत्तरं तुटक होत गेली. "ते तुमचं तुम्ही लावा," म्हणाली.

आमची फ्रेम फोटो नावाप्रमाणे लावत नाही, ते कार्डावर ज्या क्रमानं उतरले त्याच क्रमानं दाखवते. म्हणून कार्ड पुसलं आणि एकेक साल ओळीनं चढवलं. दहा सेकंदांत फोटो पळतो, अशी तिची तक्रार होती, म्हणून तीस सेकंद ठेवले. सगळे फोटो बघून व्हायला ३ तास २६ मिनिटं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. वीज जाऊन परत आली की ही फ्रेम पहिल्या फोटोपासून सुरू होते. आणि आमच्या गावात सलग साडेतीन तास वीज ही चैनच.

आता रोज रात्री फोन आला की हालहवाल असाच कळतो. "आज त्र्याऐंशीतच लाइट गेली बघ." कधी शहाण्णव, कधी एकोणऐंशी. नातवंडांपर्यंत ती आठवड्यातून एखाद्या वेळी पोचते. मी म्हटलं, पुढच्या खेपेला क्रम उलटा करून देते, पोरं आधी दिसतील.

"नको गं," ती म्हणाली. "पोरं काय, सुट्टीत येतातच. असू दे असंच. लाइट आली की आमचं लग्न लागतं."