काहीच दिसत नाही रे

माझ्या फोटोग्राफीबद्दल आमच्या मातोश्रींचं मत पहिल्यापासून ठाम आहे. "छान आहे, पण रात्री काढलास का?" फोटो सकाळी साडेदहाचा असतो!

दोष माझाच. नवा कॅमेरा घेतला तेव्हा 'मूडी' लँडस्केपचं खूळ डोक्यात शिरलं होतं. काळे ढग, त्याहून काळे डोंगर, मध्येच कुठेतरी उजेडाची एक फट.. बास. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे दोनवर नेऊन ठेवायचं आणि सह्याद्रीवर शटर मारत सुटायचं. ट्रेकच्या ग्रुपवर "कडक!", "भावा!!" वगैरे यायचं. त्यात नक्की काय दिसतंय हे विचारायची हिंमत फक्त आईची.

त्याच भरात जुलै २०१९ मध्ये गावच्या घरातून एक फोटो काढला होता. राजापूर तालुक्यात आमचं घर होतं. पडवीत उभं राहिलं की समोर अंगण, अंगणाला चिऱ्यांचा गडगा, गडग्यात ये-जा करायला बांबूचं फाटक (त्याला आमच्याकडे बेडं म्हणतात), खाली भाताची खाचरं, मग पऱ्या आणि पऱ्यापलीकडे वर चढत गेलेला सडा. त्या दिवशी मी पऱ्याला पाणी किती आलंय ते बघायला खाली उतरलो होतो. सड्यावरून पाऊस येताना दिसला. तिथला पाऊस आधी दिसतो, मग ऐकू येतो, मग अंगावर येतो. धावत पडवी गाठली, कॅमेरा काढला, एक फ्रेम मिळाली. दुसरी घेईपर्यंत समोर नुसतं पाणी.

२०२२ साली ते घर विकलं. काका, आत्या, सगळ्यांच्या सह्या झाल्या, भांडण वगैरे काही नाही. नवीन मालकांनी घर पाडून बंगला बांधला, गडगा काढून कंपाउंड घातलं. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. राहणार ते.

तर गेल्या पावसाळ्यात आई म्हणाली, "हॉलमध्ये लावायला गावचा एक मोठा फोटो करून दे. पडवीतून समोरचा. तू काढला होतास ना?"

हार्ड डिस्क उपसली. तेवढा एकच निघाला. ढग झकास आलेले, आणि ढगांच्या खाली.. डांबर. एरवी म्हटलं असतं की पुन्हा जाऊन काढू. इथे पुन्हा काढायला काही शिल्लकच नव्हतं.

नशीब एवढंच, की सगळे काढतात म्हणून मीही तेव्हा रॉ फाईल काढत होतो. आपल्या भाषेत सांगायचं तर जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या. माझ्या कॅमेऱ्याच्या रॉमध्ये १४ बिट, म्हणजे १६,३८४. पण मेख अशी, की या पायऱ्या सारख्या वाटलेल्या नसतात. सेन्सर प्रकाश सरळ मोजतो, त्यामुळे सगळ्यात उजळ स्टॉपलाच निम्म्या पायऱ्या जातात, त्याखालच्या स्टॉपला उरलेल्यातल्या निम्म्या, असं करत करत अंधाराच्या वाट्याला चिल्लर उरते. शिवाय तिथे प्रकाशच कमी पोचलेला, त्यामुळे सिग्नल आणि कचरा यांत फारसा फरक नसतो. अंधार उजळवायचा म्हणजे कचऱ्यालाही त्याच आकड्याने गुणायचं. उलट बाजूला, आकाश एकदा कमाल किमतीला जाऊन आपटलं असतं तर तिथली माहिती कायमची गेली असती. म्हणजे माझ्या त्या उणे दोनच्या फॅशनने ढग वाचवले आणि घरासमोरचं सगळं बुडवलं.

डार्कटेबल नावाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ते आपल्या लोकांना आवडण्यासारखं आहे. मूळ फाईलला ते हात लावत नाही, केलेले सगळे बदल शेजारच्या एका एक्सएमपी फाईलमध्ये क्रमाने लिहून ठेवतं. घाबरायचं कारण नाही, कधीही मागे जाता येतं. म्हणून मी बिनधास्त एक्स्पोजर अधिक तीनवर नेलं, सावल्या होत्या नव्हत्या तेवढ्या उपसल्या, रंगांचं बटण पिळलं. खाचरं पोपटी झाली, सडा लख्ख दिसायला लागला. डाव्या कोपऱ्यात जांभळे-हिरवे ठिपके वळवळत होते, पण एकूणात बुवा काय दिसत होतं! विजयी मुद्रेने लॅपटॉप आईपुढे नेला.

"हे आपलं नाही."

"अगं आपलंच आहे!"

"पाऊस येताना असं ऊन असतं होय? आणि सडा कसा दिसेल? पाऊस सुटला की सडा जायचाच. पऱ्यापर्यंत दिसायचं."

"आधी म्हणायचीस, काहीच दिसत नाही. आता दिसतंय तर.."

"सगळं दिसायला नकोय मला."

इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकं स्वच्छ रिक्वायरमेंट मला कुणी दिलेलं नाही.

इथे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचं एक उदाहरण आठवतं. 'मूनराइज, हर्नांडेझ' हा त्याचा जगप्रसिद्ध फोटो १९४१ सालचा. त्यात खालचं गाव निगेटिव्हवर फारच फिकं उमटलं होतं, म्हणून १९४८ साली त्याने निगेटिव्हच्या तेवढ्याच भागावर रसायनाची प्रक्रिया केली. वरचं आकाश मात्र तो पुढची अनेक वर्षं प्रिंट करताना काळंच करत गेला. म्हणजे एकाच फोटोत खाली उजेड वाढवला आणि वर अंधार. मी मात्र सगळ्याला एकच स्लायडर लावून बसलो होतो.

मग पुन्हा शून्यापासून. पुढचे चार शनिवार-रविवार त्यातच गेले. ढगांना हात लावायचा नाही. पऱ्याच्या अलीकडे उतरता मास्क घालून तेवढाच भाग दीड स्टॉप वर. सडा तसाच, उलट किंचित खालीच. नॉइज आधी कमी करायचा, पण इतका नाही की भाताची पात मेणाची वाटेल. हिरव्या रंगातली पिवळी झाक काढली तेव्हा ते ओलं वाटायला लागलं. ढगाळ उजेड निळसर असतो, तो पूर्ण घालवायचा नसतो, हेही तेव्हाच कळलं. डाव्या कोपऱ्यातल्या अंधाराला सगळ्यात जास्त वेळ लागला. गडगा निघाला, मग त्यातला एकेक चिरा सुटा झाला.

बारा बाय अठराचा प्रिंट काढून आणला तर पुन्हा काळा! हा बावळटपणाही माझाच. रात्री दिवे घालवून, मॉनिटरचा ब्राइटनेस शंभरावर ठेवून काम केल्यावर दुसरं काय होणार? कागदाला मागून दिवा नसतो. ब्राइटनेस निम्म्याखाली आणून, खोलीतला दिवा लावून परत सगळं तपासलं. आधी छोट्या कागदावर तीन प्रिंट काढले, त्यातला मधला पसंत करून मोठा केला.

परवा फ्रेम घरी आणली. आईने आधी पदराने काच पुसली, मग चष्मा लावला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मला वाटलं, परत काहीतरी चुकलं. सडा दिसत नव्हता. पऱ्याची चंदेरी रेघ होती, अलीकडे खाचरं, आणि डाव्या कोपऱ्यात गडगा.

तिने त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"बेडं उघडं टाकलंय कुणी? गुरं शिरतील ना."

मी वाकून पाहिलं. खरंच उघडं होतं. पऱ्यावरून धावत आलो तेव्हा मीच टाकलं असणार.