रोजकीर्दीची भीती

वसईत जमिनीचा कागद जिवापाड जपतात. सातबारा, फेरफार, आजोबांच्या सहीचं खरेदीखत, सगळं कपाटाच्या आतल्या कप्प्यात. चर्चच्या नोंदवह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे बाप्तिस्मे आणि लग्नं सापडतात. कागद राखायचा कसा, हे या गावाला शिकवायला नको. मग धंद्याचा कागदच तेवढा रद्दीत का जातो?

केळी आणि विड्याच्या पानांचा व्यापार करणारी इथली एक जुनी पेढी नुकतीच बंद झाली. माळ्यावरून रोजकीर्दी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, खाली आल्या, तेव्हा मी तिथे होतो. लाल कापडाची बांधणी, कडा वाळवीनं खाल्लेल्या. पहिल्या पानावर ‘श्री’ आणि लक्ष्मीपूजनाच्या कुंकवाचा फिकट डाग. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. मध्येच एका पावसाळ्यातली ओळ : ‘गाडी बंद, माल नासला.’ त्याखाली मजुरांची उचल, नेहमीपेक्षा जास्त. त्या आठवड्यात कुणाच्या घरी चूल कशी पेटली असेल, ते त्या आकड्यांत दिसत होतं. मी वाकून वाचू लागलो, तर मालकांनी पानावर तळहात ठेवला.

‘‘यात कुणाकुणाची उधारी आहे, अहो. त्यांची पोरं आज आपल्याच गल्लीत राहतात.’’

ही भीती मला खोटी वाटत नाही. जुनी वही भावांच्या वाटणीत साक्षीदार होते, कराच्या नोटिशीला खाद्य पुरवते, कधी मजुरीचा दर दाखवून आजोबांना खाली मान घालायला लावते. कायदाही एवढंच सांगतो की, कंपनीनं हिशेब 8 आर्थिक वर्षं ठेवावेत, जीएसटीचे कागद वार्षिक विवरणाच्या अंतिम मुदतीपासून 72 महिने. मुदत संपली की सीए म्हणतात, आता काढून टाका. वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत तर भाडं चौरस फुटावर, कागदाला जागा कोण देणार? आणि 2018 च्या जुलैसारखं पाणी शिरलं, की निर्णय घ्यायचीही गरज उरत नाही.

गोदरेजनं विक्रोळीत 2006 मध्ये अभिलेखागार उभं केलं, टाटांचं पुण्यात आहे. त्यांच्याकडे जागा आहे, वकील आहेत. जुन्या वहीतली एखादी अडचणीची ओळ त्यांना पेलते, गल्लीतल्या पेढीला पेलत नाही.

पण या वह्या रद्दीत घालून आपण काय गमावतो, तेही पाहायला हवं. चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली. पेशवे दफ्तर टिकलं, म्हणून त्या मोहिमेची पत्रं आज वाचता येतात. त्यानंतर याच मातीतून मुंबईला केळी गेली, फुलं गेली, भाजी गेली. मुंबईची सकाळ वसईच्या टोपल्यांवर उजाडली. त्या टोपलीला काय भाव मिळाला, वाईट पावसात कुणी कुणाला सांभाळून घेतलं, हे सांगणारं दफ्तर कुठे आहे? ते माळ्यांवरच होतं आणि किलोच्या भावानं जातंय. मला याचं फार वाईट वाटतं.

मी मालकांना म्हटलं, बांधून, सील करून ठेवू. ज्यांची नावं आहेत त्यांची नातवंडं म्हातारी होईपर्यंत कुणी उघडणार नाही. परदेशी सरकारी दफ्तरांतही ठरावीक वर्षं कागद बंद ठेवायची रीत आहे. ते बराच वेळ गप्प राहिले. मग सर्वांत जुन्या दोन वह्या त्यांनी बाजूला काढल्या, सुनेला मेणकापड आणायला सांगितलं आणि बाकीच्या पोत्यात भरायला घेतल्या.