होसकोट्याहून समुद्राकडे

बंगळूरला नोकरीसाठी राहिलेल्या मुलांकडे सुटीत गावाकडचे मित्र आले की कार्यक्रम ठरलेला असतो. एक दिवस लालबाग, विधानसौध आणि चिक्कपेठेतली खरेदी. दुसऱ्या दिवशी गाडी काढायची आणि मंगळूर गाठून किनाऱ्याकिनाऱ्याने गोकर्ण-कारवारपर्यंत जायचे. बेत चांगलाच आहे. मात्र त्यात एक पहाट होसकोट्यासाठी राखून ठेवावी.

समुद्र पश्चिमेला आणि होसकोटे शहराच्या पूर्वेला, पंचवीसएक किलोमीटरवर, जुन्या मद्रास रस्त्याला. म्हणजे वाट उलटीच. तरीही शनिवार-रविवारी उजाडण्यापूर्वीच बंगळूरकरांच्या गाड्या तिकडे धावत असतात, त्या दम बिर्याणीसाठी. पहाटे चार वाजता लोक मटण बिर्याणीसाठी रांगेत उभे राहतात, हे पाहिल्याशिवाय खरे वाटत नाही. शाकाहारी मंडळींनी इडली-वडा खावा आणि मित्रांचे होईपर्यंत अविमुक्तेश्वराच्या जुन्या देवळात जाऊन यावे.

बहुतेक जण बिर्याणी खाऊन तसेच परततात. आपण कुठे येऊन गेलो, याची त्यांना कल्पनाही नसते. 'होस' म्हणजे नवा आणि 'कोटे' म्हणजे कोट. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि शहाजीराजांना इकडची जहागीर मिळाली. तीत बंगळूर, कोलार यांच्याबरोबर होसकोटेही होते. बंगळूर हे त्यांचे मुख्य ठाणे. बालपणी शिवाजीराजेही काही काळ तिथे राहिले होते.

त्यानंतर सव्वाशे वर्षांनी मराठी फौज पुन्हा या गावात आली. इंग्रज आणि हैदर अली यांच्या पहिल्या युद्धात गुत्तीकर मुरारराव घोरपडे इंग्रजांच्या बाजूने उतरले होते. त्यांचा तळ होसकोट्याला पडला होता. २२ ऑगस्ट १७६८ च्या रात्री हैदरच्या फौजेने तळावर अचानक छापा घातला. अंधारात आपला कोण, परका कोण, काही कळेना. कंपनीचा लष्करी अधिकारी मार्क विल्क्स याने म्हैसूरच्या इतिहासात पुढची हकीकत दिली आहे. मुराररावांनी हुकूम सोडला, की कोणीही घोड्यावर बसायचे नाही, आपापल्या घोड्याच्या तोंडाशी उभे राहायचे. म्हणजे जो स्वार दिसेल तो शत्रूच! एवढ्यात सरदारांचा हत्ती जखमी होऊन सुटला आणि पायातली साखळी सोंडेत धरून गरगरा फिरवत हैदरच्या स्वारांत घुसला. ते घोडेस्वार मागच्या पायदळावर जाऊन आदळले आणि छापा फसला. ज्या हैदरची लालबाग आदल्या दिवशी पाहिली, त्याच हैदरची ही फजिती. मित्रांना सांगायला याहून चांगली गोष्ट कोणती?

होसकोट्याहून जाणारा महामार्ग क्रमांक ७५ हाच बंगळूर, हासन, सकलेशपूर करत थेट मंगळूरजवळच्या बंटवाळला उतरतो. अंतर सुमारे पावणेचारशे किलोमीटर. हासनपर्यंत रस्ता सरळ आहे, त्याबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. सकलेशपूरनंतर कॉफीचे मळे लागतात आणि पुढे शिराडी घाट. पावसाळ्यात इथे दरडी कोसळून वाहतूक अनेकदा बंद पडते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

मंगळूरला महामार्ग ६६ भेटतो. हा पूर्वीचा १७ नंबर, म्हणजे पनवेलहून निघणारा आपला मुंबई-गोवा रस्ताच! उडुपीत कृष्णदर्शन आणि जेवण उरकून कुंदापूरला यावे. तिथून जवळच बसरूर आहे. आज शांत दिसणारे हे गाव एके काळी भरभराटीचे बंदर होते. जानेवारी १६६४ मध्ये शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजांचा मृत्यू झाला, तोही कर्नाटकातच, होदिगेरे येथे. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १६६५ मध्ये, शिवाजीराजे मालवणहून आरमार घेऊन बसरूरला उतरले. बंदर लुटून परतताना त्यांनी गोकर्णाला शिवरात्रीचे स्नान केले आणि अंकोल्यावरून कारवार गाठले. वडिलांची जहागीर पठारावर आणि मुलाची पहिली मोठी सागरी स्वारी त्याच मुलुखाच्या किनाऱ्यावर.

कुंदापूरच्या उत्तरेला मरवंथे. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी आणि मधून रस्ता. छायाचित्रांसाठी लोक भर महामार्गावर गाड्या थांबवतात, ते टाळावे. मुरुडेश्वरची १२३ फुटी शिवमूर्ती लांबूनच दिसते. तिथली गर्दी नको असेल, तर पुढे कुमठ्याजवळचा मिर्जान किल्ला पाहावा.

अंकोल्याच्या अलीकडे शिरूर लागते. रुंदीकरणासाठी इथले डोंगर जवळजवळ उभे कापले गेले. १६ जुलै २०२४ ला असाच एक डोंगर खाली आला आणि रस्त्याकडेची चहाची टपरी, माणसे, वाहने गंगावळी नदीत ढकलली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कारवारचा काळी नदीवरचा जुना पूल मध्यरात्री कोसळला. चौपदरी रस्त्याने वेळ वाचतो हे खरे. पण ज्या डोंगर-समुद्राच्या सलगीसाठी लोक येतात, तीच तो कापत सुटला आहे. हा भाग दिवसाउजेडी पार करावा आणि पावसात डोंगराच्या पायथ्याशी गाडी उभी करू नये.

कारवारला संध्याकाळ गाठावी. वाळूवर बसले की सदाशिवगड समोर दिसतो आणि आसपास कोंकणी-मराठी कानावर पडते. सकाळी मंडळींची फाटाफूट होते. बंगळूरला परतणारे अंकोल्यापर्यंत मागे येऊन यल्लापूरमार्गे हुबळीचा घाट चढतात. गावाकडचे मात्र काळीचा पूल ओलांडून सरळ पुढे जातात, गोवा, सावंतवाडी, पनवेल.