नव्या क्लचचे दुखणे

जुनी वस्तू मोडली म्हणजे आपण तिच्या वयाकडे बोट दाखवतो आणि मोकळे होतो. नवी वस्तू मोडली की मात्र हे बोट कुठे वळवावे असा प्रश्न पडतो. दोन महिन्यांत उसवलेली चप्पल घ्या, नाही तर पहिल्याच पावसात गळणारी छत्री घ्या, दुकानदार शांतपणे विचारतो, "वापरली कशी?" या प्रश्नात गिऱ्हाइकाचा गुन्हा आधीच धरलेला असतो. मोटारीच्या क्लचच्या बाबतीत तर हा प्रश्न फारच सोयीचा. क्लच पायाने दाबायचा असतो, आणि कुणाचा पाय केव्हा कुठे होता याला साक्षीदार नसतो.

क्लच म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनाच्या टोकाला एक जड चाक गरगरत असते. त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याला लागून एक तबकडी असते, दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर लावलेली. मागून प्रेशर प्लेट तिला स्प्रिंगच्या जोराने त्या चाकावर दाबून धरते. ही पकड घट्ट असली की इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून चाकांकडे जातो. पेडल दाबले की पकड सुटते. नीट वापरली तर अशी तबकडी ५०,००० किलोमीटर सहज काढते, पुष्कळदा त्याहून कितीतरी अधिक.

आमची नवी तबकडी ३,५०० किलोमीटरांत बसली.

आम्ही पाटणला राहतो. मी शाळेत मास्तर, पत्नी आरोग्य केंद्रात परिचारिका. तिचे माहेर चिपळूण. सासूबाई तिथे एकट्या, आणि गुडघ्यांनी अधू. म्हणून दर रविवारी ती कुंभार्ली घाट उतरून जाते, आठवड्याची औषधे डबीत भरून ठेवते आणि संध्याकाळी घाट चढून परत येते. गाडी तीच चालवते. जुन्या क्लचने आपले आयुष्य पुरे केले म्हणून ज्येष्ठात नवा बसवला. आषाढ संपता संपता घाटात इंजिन नुसते ओरडू लागले, गाडी मात्र चढेना. जळक्या अस्तराचा वास डोक्यात जाई.

ज्या गॅरेजात क्लच बसवला होता तिथे गेलो. मालकाने बॉनेटसुद्धा न उघडता निदान केले. "बाई पेडलवर पाय ठेवून चालवत असतील." हे तो मला म्हणाला, बाई शेजारीच उभ्या होत्या.

आता, हाफ क्लचवर गाडी चालवली तर क्लच जळतो हे अगदी खरे आहे. आरोप खोडता येत नव्हता तो त्यामुळेच. पत्नीने त्याला तीन गोष्टी सांगितल्या. पहिले तीन आठवडे काहीच त्रास नव्हता. मग सकाळी पहिल्या गिअरात निघताना गाडी थरथरू लागली. आणि घसरणे त्यानंतर आले, तेही चढावरच. त्याने "हो, हो" म्हटले आणि दुसऱ्या नव्या क्लचचा खर्च कागदावर मांडून माझ्या हाती दिला.

तिने गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली. पुढले रविवार एस.टी.ने गेले. अशाच एका आठवड्यात सासूबाई न्हाणीघरात पडल्या. शेजारणीने उचलले, हाड शाबूत राहिले. पण निरोप आला तेव्हा शेवटची गाडी निघून गेली होती आणि लेक पोचली ती दुसऱ्या दिवशी. त्याबद्दल ती कुणाला काही बोलली नाही. मात्र एकदा रात्री ती सहज म्हणाला वाटावे अशा आवाजात मला म्हणाली, "माझा पाय खरेच पेडलवर राहत असेल का हो?" पंधरा वर्षे घाट चढलेल्या बाईला स्वतःच्या पायाचा भरवसा वाटेना, हे मला क्लचच्या बिलापेक्षा महाग वाटले.

दुसऱ्याच दिवशी गाडी हळूहळू कऱ्हाडला नेली. तिथले मिस्त्री वयस्कर. गाडी कोण चालवते एवढेच त्यांनी विचारले आणि पुढचे सारे प्रश्न माझ्याकडे पाठ करून तिला केले. थरथर आधी की घसरणे आधी? उभ्या गाडीखाली डाग पडतो का? तिने तेच तीन मुद्दे पुन्हा सांगितले. या वेळी ते ऐकले गेले.

मग त्यांनी पेडल बोटांनी दाबून पाहिले. आमच्या गाडीला क्लचची केबल आहे. तिला थोडी ढील हवी. ढील नसली तर क्लच पुरता बसतच नाही आणि पाय न ठेवताही जळतो. ढील ठीक होती. नंतर हँडब्रेक करकचून ओढला, वरचा गिअर टाकला, थोडी रेस देऊन क्लच सोडला. पकड धड असती तर इंजिन तिथेच बंद पडले असते. ते खुशाल चालू राहिले. शेवटी ते गाडीखाली गेले आणि इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या सांध्याच्या तळाला बोट फिरवून बाहेर आले. बोट काळे, ओले होते.

गिअरबॉक्स उतरवला. मिस्त्रींनी आतली धूळ फुंकली नाही, ओल्या फडक्याने टिपली. पूर्वी या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. त्या काळापासूनची त्यांची ही खबरदारी. तबकडी काढून त्यांनी पत्नीच्या हातात दिली. "पायानं जळली असती तर अस्तर झिजून रिव्हेटांना टेकलं असतं. हे बघा, जाडी जवळजवळ नव्यासारखी. पण तेल पिऊन चकचकीत झालीय. वास घ्या."

"इंजिनचं ऑईल," ती म्हणाली. गिअरच्या तेलाला उग्र, गंधकासारखा वास येतो. हा तो नव्हता. फ्लायव्हीलच्या मागे, क्रँकशाफ्टच्या टोकाशी रबराचे एक सील असते. आमचे वयाने कडक होऊन पाझरत होते. थेंबाथेंबाने तेल तबकडीवर येई. म्हणून आधी थरथर, मग घसरण. सीलची किंमत क्लचच्या मानाने अगदी किरकोळ. खरा खर्च गिअरबॉक्स उतरवण्याचा. ज्येष्ठात तो उतरवलाच होता. तेव्हा कुणी फ्लायव्हीलमागे नजर टाकली असती तर पुढले काहीच घडते ना.

पत्नी हसली. तिला त्या पावसाळ्यात हसताना मी प्रथमच पाहिले. "म्हणजे जखम आत तशीच ठेवून पट्टी तेवढी बदलली," ती म्हणाली.

तेल प्यालेले अस्तर धुऊन उपयोग नसतो. तबकडी पुन्हा नवीच घ्यावी लागली, पण या खेपेस सीलासकट. जुनी तबकडी वर्तमानपत्रात गुंडाळून ती स्वतः पहिल्या गॅरेजात घेऊन गेली. पैसे परत मिळाले नाहीत. मालक तबकडी उलटसुलट करीत राहिला आणि शेवटी, या खेपेस तिच्याकडे पाहून, म्हणाला, "ताई, सील बघायला पाहिजे होतं."

वाचकहो, आपला नवा क्लच असा अवेळी गेला तर जुनी तबकडी आपल्यासमोर काढायला सांगा आणि हातात घेऊन पाहा. झिजली असेल तर ढील आणि पाय यांचा विचार करा. जाड आहे पण तेलकट आहे, तर सील शोधा. आणि गाडी जो रोज चालवतो त्याला आधी बोलू द्या. अर्धे निदान त्याच्याजवळ असते.

या दिवाळीला सासूबाई आमच्याकडे यायच्या आहेत. एस.टी.च्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत, तेव्हा वसुबारसेच्या सकाळी लेक त्यांना आणायला घाट उतरणार आहे. चिवडा तोवर मी करून ठेवावा, असे ठरले आहे.