वकांडा, तलोकान आणि आमची बैठक

आम्ही काही सुपरहिरोंच्या चित्रपटांचे शौकीन नाही. मार्व्हलचे कोणते पात्र कुठल्या ग्रहावरून आले, हे समजून घ्यायला आम्हाला भाचा लागतो. पण 'ब्लॅक पँथर' हे नाव आपल्याला परके कसे असेल? १९६६ साली ऑकलंडमध्ये ब्लॅक पँथर पार्टी निघाली आणि तिच्यापासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. (कॉमिकमधला पँथर त्या पार्टीच्याही काही महिने आधीचा, ही माहिती भाच्याची.) तर या नावाच्या ओढीने आम्ही चळवळीतले तिघे मित्र 'वकांडा फॉरएव्हर' बघून आलो. हिंदी डबिंग होते. पॉपकॉर्नचा भाव विचारून परत ठेवले.

पहिल्या भागाचा नायक चॅडविक बोसमन ऑगस्ट २०२० मध्ये कॅन्सरने गेला. त्याच्या जागी दुसरा नट आणलेला नाही. राजाच्या मरणापासूनच चित्रपट सुरू होतो. सगळी वकांडा पांढऱ्या कपड्यांत अंत्ययात्रेला निघते, तेव्हा आमच्या शेजारच्या खुर्चीतला मित्र एकदम गप्प झाला. पांढऱ्या कपड्यांतली अंत्ययात्रा आपण किती वेळा पाहिली आहे!

त्यानंतरचा जिनिव्हाचा प्रसंग तर शिट्टी मारावी असा. फ्रान्स आणि अमेरिकेचे प्रतिनिधी तक्रार करतात की वकांडा आपला व्हायब्रेनियम धातू जगाला देत नाही. राणी रमोंडा शांतपणे ऐकून घेते, आणि तो धातू चोरायला आलेले भाडोत्री सैनिक बेड्या घालून त्याच सभेत गुडघ्यांवर आणून बसवते. अँजेला बॅसेटने काय काम केले आहे! आम्हाला बाबासाहेबांचे १९४६ चे पत्र आठवले. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे वाचून त्यांनी डू बॉइस यांना लिहिले होते, की अस्पृश्यही तसाच विचार करत आहेत, अर्जाच्या दोन-तीन प्रती मिळवून द्या. जगाच्या सभेत उभे राहून जाब विचारण्याचे स्वप्न आपलेही होते.

पण खरा चित्रपट पुढे आहे. समुद्राच्या तळाशी तलोकान नावाचे आणखी एक राज्य निघते. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक आले, देवी रोगाची साथ आली, तेव्हा मेक्सिकोच्या युकातान भागातले माया लोक जीव वाचवायला पाण्यात गेले, अशी त्याची कथा. त्यांचा राजा नेमोर आईची शेवटची इच्छा म्हणून तिला जमिनीवर पुरायला येतो. तिथे त्याला आपलेच लोक गुलाम झालेले, चाबकाखाली राबताना दिसतात. तो ती वसाहत जाळून टाकतो. हा माणूस खलनायक आहे, असे आम्हाला शेवटपर्यंत वाटले नाही.

त्याची तक्रार काय? वकांडाने आपल्या धातूचे गुपित जगाला सांगितले, म्हणून लुटारू तो शोधत त्याच्या दारापर्यंत आले. निर्णय वकांडाचा, भोग तलोकानच्या वाट्याला. दोघांचा शत्रू एक. तरी पुढे दोघेच एकमेकांचे गळे धरतात, राजवाड्यात पाणी घुसते, राणी मरते. आणि ज्यांना धातू हवा होता ती अमेरिकन मंडळी? त्यांच्या वाट्याला विनोदी संवाद. इथे दिग्दर्शक रायन कूगलर कमी पडला, किंवा कंपनीच्या पैशाने कमी पडायला लावले. शेवटची जहाजावरची मारामारी तर फारच लांबली.

हे आम्ही बाहेर चहाच्या टपरीवर तावातावाने मांडत होतो. "शोषितांनी आपसात लढायचे आणि प्रस्थापितांनी मजा बघायची, आपल्याकडेही हेच चालले आहे, ते वर्गीकरणाचे बघा ना," असे बोलून गेलो.

मघाचा गप्प मित्र मातंग समाजातला आहे. कप खाली ठेवून तो म्हणाला, "दादा, तुम्ही स्वतःला वकांडा धरूनच बोलताय."

आम्ही म्हटले, "म्हणजे?"

"जयंतीच्या बॅनरवर अण्णा भाऊंचा फोटो दर वर्षी असतो. वर्गणीला मी असतो. तारीख, वक्ते, मिरवणुकीचा मार्ग ठरवायच्या बैठकीला कधी बोलावलंत? ठरल्यावर फोन येतो. नेमोर वेगळं काय म्हणत होता? आणि आम्ही वेगळा वाटा मागितला की लगेच आम्ही फूट पाडणारे."

वर्गीकरणाबद्दल आमचे मत वेगळे आहे, आजही आहे, आणि ते आम्ही त्याच्यापुढे मांडणार आहोत. पण बैठकीबद्दल तो बोलला त्यातला एक शब्दही आम्हाला खोडता आला नाही. तिसऱ्या मित्राने विषय बदलायला चित्रपटाच्या शेवटाकडे गाडी वळवली: मेलेल्या राजाचा मुलगा हैतीत वाढतो आहे, त्याचे नाव तुसाँ. गुलामांच्या बंडाचा नेता तुसाँ लुव्हर्त्यूर, त्याच्यावरून. नाव ऐकून आम्हालाही भरून आले होते. तरी पुन्हा राजाच्या पोटचाच वारस का, हे कोडे राहिलेच.

मित्र त्यावर काही बोलला नाही. चहाचे पैसे त्यानेच दिले, आम्हाला देऊ दिले नाहीत.

जयंती समितीची पहिली बैठक अजून ठरलेली नाही. तारीख ठरवायच्या आधी या वेळी त्याला फोन केला. म्हणाला, "एकटा नाही येणार, वस्तीतले आणखी चौघे आणीन." आम्ही हो म्हटले. समितीतल्या दोघांना ते अजून सांगायचे आहे.